वरून ओतलेलं पाणी

मित्रांनो, मी काचेची एक जुनी बाटली आहे. औषधाची नाही आणि अत्तराची तर मुळीच नाही! कपाटात मला बघून कुणी ‘तेलाची शिशी’ म्हणालं की माझं डोकंच फिरतं. मी विशिष्ट गुरुत्वाची बाटली. तुम्ही हल्ली घनतेची बाटली म्हणता.

माझा जन्म दूर अंबाल्याकडचा. पेंढ्यात गुंडाळून, आगगाडीनं आणि मग बैलगाडीनं मी वणीकडच्या एका शाळेत आले. माझ्या बुचाला केसासारखं बारीक छिद्र आहे. मला काठोकाठ भरून बूच बसवलं की जास्तीचं पाणी त्या छिद्रातून बाहेर येतं. म्हणून माझ्यात दर वेळी नेमकं तेवढंच मावतं. आधी पाणी भरून तोला, मग घासलेट भरून तोला. जागा तीच, पण घासलेट हलकं भरतं. किती जागेत किती वजन, ही झाली घनता. माझी एकच अट असते. आत बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर वजन कमी भरतं आणि उत्तर चुकतं.

नीळकंठ मास्तर हे फार छान शिकवायचे. ‘पाणी काचेच्या कडेनं हळू सोडा, वरून ओताल तर हवा शिरेल,’ असं ते दर वर्गात बजावत. मलाही त्यांचा अभिमान वाटायचा.

त्या वर्गात पंचफुला नावाची मुलगी होती. तिचे वडील डोमाजी चुनाभट्टीवर दगड फोडायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या वस्तीनं बौद्ध धम्म स्वीकारला होता. घरातले देव गेले, जुनी कामं सुटली. शाळेतल्या माठाजवळचा नियम मात्र जागचा हलला नाही. प्यायला असो की प्रयोगाला, बाकीची मुलं त्यातलं पाणी हातानं घ्यायची आणि पंचफुलाला गोविंदा चपराशी लोटा उंच धरून वाढायचा. एरवी प्रयोग चौघांत मिळून असे, तेव्हा दुसरं कुणी मला भरायचं आणि ती वजन करायची. त्यामुळे वरून ओतलेल्या पाण्यानं तिचा प्रयोग बिघडेल, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. की आलं होतं, कोण जाणे.

मग १९५९ सालची मॅट्रिकची प्रयोगपरीक्षा आली. प्रत्येकानं एकट्यानं प्रयोग करायचा. प्रयोगात नापास तो विषयात नापास. पास झाली तर पंचफुला नागपूरला नर्सचं शिक्षण घ्यायला जाणार होती. नाही झाली तर टोपली उचलून भट्टीवर.

मी तिच्या वाट्याला आले. गोविंदानं उंचावरून धार धरली आणि माझ्या पोटात नुसते बुडबुडे झाले! तिनं नखानं टिचक्या मारून ते वर आणले, तशी पातळी खाली गेली.

“गोविंदाभाऊ, अजून थोडं द्या जी. जरा खालून ओता, बुडबुडे येऊन राह्यले.”

“खालून? तुया बाटलीले माहा लोटा लावू काय?”

पुन्हा वरूनच धार, पुन्हा बुडबुडे. तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा तो खेकसला, “कितीक डाव देऊ तुले? बाकीच्या पोरायले लागते काय एवढं?”

तिनं नीळकंठ मास्तरांकडं पाहिलं. मास्तर खिडकीबाहेर पाहत होते. मला इतका राग आला की फुटून जावंसं वाटलं.

मग ती उठली. मला घेऊन माठाशी गेली, ओगराळं बुडवलं आणि मास्तरांनी शिकवलं तसं काचेच्या कडेनं पाणी सोडलं. एकही बुडबुडा नाही! बूच बसलं, जास्तीचं पाणी बाहेर आलं, तिनं मला पदरानं पुसलं.

“अरे बापा! माठ बाटवला हिनं!” गोविंदा ओरडला.

यवतमाळहून आलेले परीक्षक यज्ञेश्वरराव शेजारच्या खोलीतून लगबगीनं आले. गोविंदा लोटा घेऊन बाजूला सरला. अस्पृश्यता पाळणं हा आता गुन्हा होता, बाहेरच्या माणसासमोर तो शब्द काढणार कोण? पंचफुलानं त्यांच्यासमोरच आधी पाणी, मग घासलेट तोलून उत्तर काढलं, घासलेटची घनता शून्य दशांश आठ. अगदी बरोबर.

“मग गडबड कसली?” परीक्षकांनी विचारलं.

नीळकंठ मास्तर म्हणाले, “परवानगी न घेता जागा सोडली तिनं, साहेब.”

यज्ञेश्वरराव माठाकडं आणि मग पोरीकडं बघत राहिले. समजायचं ते समजले. आणि त्यांनी प्रयोग रद्द केला.

माठ त्याच दिवशी शाळेमागं फोडला. मला कुणी हात लावेना, म्हणून मास्तरांनी मला आपल्या टेबलावर ठेवून घेतलं.

निकालानंतर डोमाजी आले. अंगावर चुन्याची पूड, दाराबाहेरच उभे राहिले.

“मास्तर, माह्या पोरीचं उत्तर चुकलं काय जी?”

“नाही.”

“मंग काही फोडलं काय तिनं?”

“नाही.”

“मंग नापास काहून केली?”

मास्तरांनी मला उचललं आणि फडक्यानं पुसायला लागले. मी कोरडीच होते. तरी ते पुसतच राहिले. डोमाजी खोकत निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून पंचफुला भट्टीवर गेली.

मित्रांनो, काचेच्या वस्तू जपून वापरा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी फुटले तर अंबाल्याहून दुसरी येईल. पण तुमच्या देखत कुणाचं बरोबर उत्तर खोडलं जात असेल, तर तेव्हा बाटली पुसत बसू नका. बोला रे!