आत्यावर गेलेले दात

आमच्या अखिलाला वरचे दोन दात आलेच नाहीत. समोरच्या मोठ्या दातांच्या शेजारचे, एक इकडचा, एक तिकडचा. दुधाचे पडले आणि त्यांच्या जागी काही उगवलंच नाही. तेव्हापासून घरात एकच पालुपद: पोरगी आत्यावर गेली. ती आत्या म्हणजे मी, वत्सला. मलाही तेच दोन दात नाहीत.

तंजावरात आम्ही मराठी मंडळी मूठभर. राजवाड्यामागच्या गल्ल्यांत कुणाकडे आज कसलं सांबार आहे तेही सगळ्यांना ठाऊक, मग मुलीच्या तोंडात काय नाही ते कसं लपणार? मला बघायला कुंभकोणमहून माणसं आली होती. गाणं म्हण म्हणाले. मी म्हटलं, आणि त्यांना दिसायचं ते दिसलं. त्यानंतर कुणी आलं नाही. मी शाळेत गणित शिकवलं, रिटायर झाले आणि आता धाकट्या भावाच्या घरी वरच्या खोलीत राहते.

आता गंमत ऐका. हा माझा भाऊ, अखिलाचा बाप वरुणराव, त्यालाही तेच दोन दात नव्हते. पण तो पडला मुलगा. त्याला कोण गाणं म्हणायला लावतंय? चेन्नईला बँकेत लागला, तिथेच दात बसवून घेतले, वर झुपकेदार मिशा राखल्या आणि बायकोला सांगितलं की सायकलवरून पडून तुटले होते. आमची आई समोर होती, तिने मान डोलावली. मीही आजवर तोंड मिटून बसले. भावाच्या घरी जेवणाऱ्या बाईने दुसरं काय करायचं असतं?

अखिला आता विशीत आली. बंगळूरचं स्थळ सांगून आलं, पोंगल झाला की बघायला येणार म्हणाले. झालं, वरुणची धावपळ सुरू. तिला घेऊन डॉक्टर हरिप्रियांच्या दवाखान्यात गेला. अखिला म्हणाली आत्या हवी, म्हणून मीही गेले.

डॉक्टरीणबाई तरुण, तमिळ बोलणारी, शांत. एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणाली, "हे दात हाडात तयारच झालेले नाहीत. जन्मापासूनचं आहे हे, कुणाची चूक नाही. बहुतेक वेळा घराण्यातून येतं. घरात आणखी कुणाला आहे?"

वरुणने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "हिला. बाकी कुणाला नाही."

असं अगदी सहज म्हणाला. त्या क्षणी त्याच्या मिशा उपटून हातात द्याव्यात असं मला वाटलं.

"ब्रिज करून टाका," तो पुढे म्हणाला. "पाहुणे यायच्या आत."

डॉक्टरीणबाईने समजावलं. ब्रिज म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला खोटा दात, आणि त्यासाठी ते शेजारचे दात चहूबाजूंनी घासून बारीक करावे लागतात. अखिलाचे ते दात ठणठणीत आहेत. एकदा घासले की परत कधी पूर्वीसारखे होत नाहीत, आणि पुढे ब्रिजखाली किडलेही तर कळत नाही. दुसरा मार्ग होता. आधी तारा लावून जागा नीट करायची, मग हाडात स्क्रू बसवून त्यावर दात. तिच्या जबड्याची वाढ पूर्ण झाली आहे, म्हणून करता येईल. दीड वर्ष लागेल. तोवर काढता-घालता येणारी खोट्या दातांची प्लेट देते म्हणाली.

"दीड वर्ष?" वरुण म्हणाला. "आणि त्या लोकांनी प्लेट पाहिली तर? आणखी एक बाई जन्मभर घरात बसवू? ब्रिजच करा."

अखिला माझ्याकडे बघत राहिली. बापासमोर तिच्या तोंडून शब्द निघत नाही. ती गप्प राहिली असती तर त्याच आठवड्यात तिचे चांगले दात घासले गेले असते. माझं डोकंच फिरलं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "आधी याचं तोंड बघा."

"अक्का, पोदुम्," वरुण गुरगुरला. पुरे म्हणे.

"कसलं पुरे? मला बोल लावताना कधी पुरे झालं नाही ते."

"अप्पा, तुम्ही तर सायकलवरून पडला होता ना?" अखिलाने विचारलं.

वरुणने मिशांवर हात ठेवला. डॉक्टरीणबाई म्हणाली, "बघू द्या. मुलीला ठरवायला बरं पडेल." मग त्याने तोंड उघडलं. हिरड्या काळ्या पडलेल्या. ज्या दातांवर ब्रिज उभा होता त्यातला एक केव्हाच काढलेला, दुसरा मुळाशी किडलेला. हा कितवा ब्रिज, असं तिने विचारलं. तिसरा, तो म्हणाला.

अखिलाचा चेहरा उतरला. "मग सगळ्यांना इतकी वर्षं आत्याला नावं का ठेवू दिलीत?"

"मला कुणी विचारलंच नाही," वरुण म्हणाला. "पुरुषाचे दात कोण बघतं?"

खोटं नव्हतं ते. म्हणून मला जास्त संताप आला.

अखिलाने डॉक्टरीणबाईला सांगितलं, दात घासायचे नाहीत, मी थांबते. बंगळूरच्या लोकांना स्वतःच सांगणार म्हणाली, पटलं तर या, नाहीतर येऊ नका. वरुण उठून बाहेर गेला. मला किती बरं वाटलं ते कसं सांगू. वाटलं, आपल्या जन्माचं काहीतरी कामाला आलं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाली, "अम्मा, तुम्हीही बसा की, बघते." मी बसले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी माझे दात बरे करायच्या नजरेने बघत होतं. हाड फार पातळ झालंय, ती म्हणाली, पण त्यात भर घालता येईल. वेळ लागेल, तरी तुमचेही बसतील. कधीपासून यायचं, ते मी विचारणारच होते.

अखिलाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आत्या, आता या वयात तुला कशाला गं हा त्रास? कोण बघणार आहे?"

अगदी मायेने म्हणाली. आईने, वरुणने, कुंभकोणमच्या लोकांनी जे केलं ते मला इतकं लागलं नव्हतं. मी खुर्चीतून उतरले आणि चपला शोधायला लागले.