दुसरा शिक्का नव्हता म्हणून

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझी मूठ लाकडाची असून माझ्या तळाशी ‘बालगुन्हेगार’ हा एकच शब्द कोरलेला आहे. कारागिराने मला अर्ध्या दिवसात घडविले. ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी.

माझा जन्म एका चांगल्या कायद्यामुळे झाला. त्यापूर्वी पाव चोरणाऱ्या पोरालाही दरोडेखोरांच्या कोठडीत कोंडीत असत. नव्या कायद्याने मुलांना निराळे न्यायालय व निराळे सुधारगृह दिले, तेव्हा मी अभिमानाने फुगलो. परंतु त्याच सुधारगृहात आईबापांनी टाकलेली मुलेही येत असत, आणि त्यांच्यासाठी दुसरा शिक्का कोणी बनविलाच नाही!

एके दुपारी एका शिपायाने सुधारगृहाच्या कचेरीत पाच वर्षांची मुलगी आणली. ‘पाणी घेऊन येतो’ असे सांगून बापाने तिला बसस्थानकाच्या बाकावर बसविले होते.

“हिनं काय केलंय?” कारकुनाने विचारले.

“काही नाही साहेब, बाप टाकून गेला.”

“मग शिक्का कुठला मारू? माझ्याकडे हा एकच आहे.”

“मारा हाच! तिला कुठं वाचता येतंय?”

दोघेही हसले. मी धाडकन तिच्या कागदावर आदळलो. “अक्षरं बघा, कशी मोत्यासारखी उठलीत!” कारकून म्हणाला. मित्रांनो, त्या स्तुतीची मला आजही शिसारी येते.

पुढे कायदा पुन्हा बदलला. टाकलेल्या मुलांची व्यवस्था स्वतंत्र झाली, माझ्यावरील शब्दालाही बंदी आली आणि मी खणात पडलो. मात्र जुने कागद चाळण्याची तसदी कोणीही घेतली नाही.

तिच्या कागदावर मी आदळल्याला सतरा वर्षे झाल्यावर ती मुलगी आली. तिला परिचारिकेची नोकरी मिळाली होती; परंतु जुना कागद पाहून रुग्णालयाने ती अडवून धरली होती. आता कचेरीत त्या कारकुनाच्या जागी एक वयस्कर कारकूनबाई बसत.

“ताई, मी काय केलं होतं तेवढं सांगा. चोरी केली होती का? मला काहीच आठवत नाही. म्हणूनच बाबा गेले असतील, असं वाटायचं.”

बाईंनी कागद दोनदा वाचला. “अगं, तू काहीच केलं नव्हतंस. बाकावर सापडली, एवढंच लिहिलंय.”

“मग हा शिक्का?”

“तेव्हा दुसरा नव्हता गं.”

“दुसरा नव्हता?” तिने विचारले.

त्याच दिवशी बाईंनी न्यायाधीशांच्या सहीने तो कागद रद्द करविला आणि तिच्या हाती नवा दाखला दिला. मग खणातून मला काढून कात्रीने माझे रबर कापले. मला स्वतःचे दुःख झाले नाही, संताप आला तो त्या जुन्या निष्काळजीपणाचा. मित्रांनो, तुमच्याही हाती कधी शिक्के येतील. ते उचलण्यापूर्वी समोरच्या लेकराकडे एकवार पाहा. सतरा वर्षे एक पोर स्वतःचा गुन्हा शोधीत राहिली. आणि दुसरा शिक्का घडवायला अर्धाच दिवस लागला असता.