चौथा दावा

पेटंट ऑफिसकडून तपासणीचा अहवाल आला आणि धरणेंद्र अण्णांना कळलं, की आपण जे जे म्हणून शोधून काढलं ते सगळं कुणी ना कुणी आधीच शोधून ठेवलेलं आहे.

अण्णांचं सांगलीच्या पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान. चाळीस वर्षं रेडिओ, टेप, लग्नातले अँप्लिफायर उघडून बसले. आता रेडिओ कुणी आणत नाही म्हणून मिक्सर आणि इस्त्र्या, पण डोकं अजून रेडिओचंच. दुकानामागच्या खोलीत त्यांची बायको चंदनबाला ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून. तिला दिवसभर गाणी लागायची आणि अण्णांना गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू यायचं नाही. म्हणून त्यांनी तिला बाजारातला हेडफोन आणून दिला. तो डोक्यावरून घालायचा. त्यानं तिचा पदर घसरायला लागला आणि आठ दिवसांत पट्टी तेलानं बरबटली.

मग अण्णांनी स्वतःच एक करायला घेतला. पट्टी डोक्यावरून नाही, मागून. कानावर अडकवायला दोन आकडे, चष्म्याच्या काडीला असतात तसे. झाला छान. एकच अडचण राहिली. चंदनबालेचा अंबाडा नारळाएवढा. ती भिंतीला टेकली की पट्टी अंबाड्यात आणि भिंतीत सापडायची, पुढं ढकलली जायची आणि दोन्ही आकडे कानांवरून उडायचे.

पट्टी आणि आकडा जोडणाऱ्या त्या एका सांध्याशी अण्णा तीन वर्षं झगडले. छत्रीची काडी, सायकलची स्पोक, घड्याळाची स्प्रिंग. चौदा सांधे केले आणि चौदाही तारीखवार वहीत लिहिले. चौदाव्याला चंदनबाला म्हणाली, "आता एक तर माझे कान बदला, न्हाईतर भिंत पाडा."

आणि एका दुपारी तिनंच ते काम करून टाकलं. पट्टीच्या टोकांना आणि आकड्यांना कापड गुंडाळलं आणि दोन्हीकडं एकेक टिचबटण शिवलं, ब्लाउजाला लावतात तसलंच. टिचबटण घट्ट बसतं, पण जागच्या जागी फिरतं. ती भिंतीला टेकली की पट्टी वर सरकून अंबाड्याच्या वर जाऊन बसायची. आकडे काही हलेनात.

त्यांची मुलगी कीर्ती कराडच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते. तिनं ते बघितलं आणि पेटंट घ्यायचं डोक्यात घेतलं. शिकताना तिच्या वर्गात असलेला ऋषिराज साताऱ्यात पेटंटचंच काम करायचा. अर्ज तयार झाला. त्यात आपलं नवीन काय ते एकेक करून लिहायचं असतं, त्याला दावे म्हणतात. अण्णांनी चार लिहिले. पट्टी मागून जाते, हा पहिला. कानावर आकडा, हा दुसरा. वायर पट्टीच्या पोटातून, हा तिसरा. आणि चौथा फिरता सांधा. शोधक म्हणून नाव एकच, धरणेंद्र. खरा आणि पहिला शोधक मीच, म्हणून खाली सही.

"आणि माझ्या टिचबटणाचं?" चंदनबालेनं विचारलं होतं.

"लावलाय की त्याचा नंबर. चौथा."

"चौथा तर चौथा," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

त्यानंतर वर्षभरात ती गेली. कावीळ म्हणून दवाखान्यात नेलं आणि तीन आठवड्यांत सगळं संपलं. दवाखान्यातच तिनं आपला हेडफोन शेजारच्या हरणाबाईला देऊन टाकला. मला आता गाणी नकोत, तू ऐक, म्हणाली. मागच्या खोलीत तिच्या बसायच्या जागी भिंतीवर अंबाड्याच्या तेलाचा ताटलीएवढा डाग आहे. गेल्या दिवाळीला अण्णांनी खोली रंगवून घेतली तेव्हा रंगाऱ्याला तेवढा सोडून बाकी रंगव म्हणून सांगितलं. रंगारी दोनदा विचारून गेला.

तर तो अहवाल. पहिला दावा जुना, जपानात तीस वर्षांपूर्वीच झालेला. दुसरा जुना, तो अमेरिकेत. तिसरा दोन्हीकडं. चौथा कुठंच सापडत नाही, पण या कामातल्या जाणकार माणसाला सहज सुचेल असा आहे, म्हणून तोही मान्य करता येत नाही.

अण्णांनी अहवाल तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना त्यांच्या लक्षात आलं. चाळणीतून खाली गेलं ते सगळं आपलं. वर राहिलंय ते हिचं. ते दुकानात एकटेच हसले. बरेच दिवस झाले होते हसून.

ऋषिराजनं उत्तर धाडलं. पहिले तीन दावे सोडले, चौथा धरला. मग सुनावणीची तारीख आली. साताऱ्यात ऋषिराजच्या ऑफिसात बसायचं आणि कंप्युटरवर पेटंट ऑफिसच्या मुंबईतल्या मॅडमशी बोलायचं. दाखवायला मूळ नमुना हवा होता, आणि तो होता हरणाबाईकडं.

हरणाबाई हळदीच्या गोदामात निवडायला जाते. हेडफोन कानाला लावूनच जाते, छोटा रेडिओ कमरेला खोचून. अण्णांनी मागितला तर म्हणाली, "चंदनवैनीनं मला दिलाय. त्यो जाईल तिकडं मी जाणार."

"साताऱ्याला जायचंय, बाई."

"मग? साताऱ्याला काय वाघ हायत?"

सकाळच्या एसटीनं दोघं निघाले. हरणाबाईनं खिडकी धरली, भाकरीचं फडकं मांडीवर ठेवलं आणि इस्लामपूर मागं पडेपर्यंत गाणी ऐकली. मग एक कान मोकळा केला.

"अण्णा, टिचबटण कुणी लावलं हुतं वो?"

"हिनं."

"आन् कागदावर नाव कुणाचं हाय?"

"माझं."

"मग तुमी ब्लाउज शिवता व्हय?"

पुढच्या बाकावरचा माणूस वळून अण्णांकडं बघायला लागला. अण्णांनी खिडकीबाहेरच्या उसाकडं बघितलं. कराड येईपर्यंत ऊसच बघितला.

कराडला कीर्ती चढली. ती येताच हरणाबाईनं दुसरा कानही मोकळा केला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. कीर्ती ऐकत राहिली.

"मला वाटलं, तुम्ही सांगितलंत आणि आईनं शिवलं," ती शेवटी म्हणाली.

"सगळ्यांनाच तसं वाटलं," अण्णा म्हणाले. "मीबी वाटू दिलं."

साताऱ्यात ऋषिराजला हे कळलं तेव्हा त्याच्या हातातला चहा हातातच राहिला. "काका, सुनावणीला अर्धा तास आहे. नावाचा विषय आज काढायचा नाही. तुम्ही सही करून दिलीय की शोधक मीच. आता नाही म्हणालात तर अख्खा अर्ज अडकेल. जे हातात राहिलंय तेही जाईल."

"खोटं बोलायचं का मग?"

"गप्प बसायचं. बोलायला मी आहे ना."

अण्णांनी पिशवीतली वही काढून मांडीवर ठेवली. चौथा दावा गेला तर हिचं जगात काहीच उरणार नाही, असं त्यांना वाटत होतं. आणि राहिला, तर तो आपल्या नावावर राहणार. दोन्हीतलं वाईट कुठलं ते त्यांना ठरवता येईना.

पडद्यावर मॅडम आल्या. चष्मा, मागं फायलींचं कपाट. ऋषिराज इंग्रजीत पंधरा मिनिटं बोलला, न अडखळता. मॅडमनी ऐकून घेतलं आणि थोडक्यात उत्तर दिलं. कीर्तीनं अण्णांच्या कानात सांगितलं, "त्या म्हणतायत, फिरते सांधे जगात चिक्कार आहेत. दाराची बिजागरी आहे, चष्म्याची काडी आहे. जाणकाराला हे सुचलंच असतं."

"मॅडम," अण्णा म्हणाले, "जाणकार म्हंजे कोण?"

ऋषिराजनं टेबलाखालून त्यांचा पाय दाबला.

"मराठीत बोला, मला कळतं," मॅडम म्हणाल्या. "जाणकार म्हणजे या कामातला साधारण कारागीर. फार हुशार नाही, अगदी अडाणीही नाही."

"मग त्यो मीच," अण्णा म्हणाले. "चाळीस वर्षं ह्येच करतोय. ही वही बघा. तीन वर्षं हा सांधा मी करत हुतो. चौदा केले. ह्यो छत्रीच्या काडीचा. ह्यात स्प्रिंग हाय, ह्यो हिच्या कानाला लागला हुता. सहज सुचण्यासारखं असतं तर मला पहिल्या आठवड्यात सुचलं असतं. न्हाई सुचलं. चौदाव्यापर्यंत न्हाई सुचलं."

मॅडमनी चष्मा काढला. "मग सुचलं कुणाला?"

ऋषिराजनं डोळे मिटून घेतले. हरणाबाई अण्णांकडं बघत होती. अण्णांनी वहीचं शेवटचं पान काढलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं.

"वाचा," मॅडम म्हणाल्या. "अक्षर लागत नाही."

अण्णांनी वाचलं. "हिने दोन्हीकडे टिचबटण लावले. काम झाले. मी चहा केला." खाली तारीख होती.

"हिने म्हणजे?"

"माझी बायको. चंदनबाला. ब्लाउज शिवायची. रेडिओतलं तिला काय कळत न्हवतं. जाणकार मी, आणि काढलं तिनं. अर्जावर मी माझं एकट्याचं नाव घातलं, ती चूक हाय. काय दंड आसंल त्यो सांगा."

"त्या आहेत तिथं?"

"न्हाईत. दोन वर्षं झाली."

मॅडम काही लिहीत बसल्या. मग त्या म्हणाल्या, "नमुना दाखवा."

हरणाबाई उठली, पदर खोचला, हेडफोन घातला आणि भिंतीला जाऊन टेकली. तिचा अंबाडा चंदनबालेएवढा नाही, पण कमीही नाही. पट्टी वर सरकली आणि बसली. ती पुढं झाली, मागं झाली, मान डावी-उजवी केली.

"मावशी, कानाला टोचतं का?" मॅडमनी विचारलं.

हरणाबाई भिंतीला टेकून छान हसत राहिली.

"मावशी?"

"तिनं गाणं लावलंय," अण्णा म्हणाले.

कीर्तीनं तिच्या दंडाला हात लावला. हरणाबाई मोठ्यांदा म्हणाली, "व्हय, लय भारी हाय," आणि पडद्यावर मॅडमनी तोंडावर हात धरला. हात काढला तेव्हा त्यांचं बोलणं जरा बदललं होतं. "आमची आई आटपाडीला असते. तिचाबी असाच अंबाडा हाय," त्या म्हणाल्या, आणि लगेच सावरून फाईल ओढली. "नाव दुरुस्त करण्याचा रीतसर अर्ज करा. वारसांच्या सह्या लागतील. वहीची सगळी पानं स्कॅन करून पाठवा, चौदाच्या चौदा. ती पाहून निर्णय कळवते."

"माझं नाव काढूनच टाका," अण्णा म्हणाले.

"ते कसं काढणार? सांधा त्यांचा, पण तो ज्या पट्टीला लावलाय ती तुमची. दोन्ही मिळून दावा आहे. दोन्ही नावं राहतील."

संपल्यावर ऋषिराज खुर्चीत मागं टेकला. "काका, मी पंधरा मिनिटं इंग्रजी बोललो, ते फुकट गेलं."

"फुकट कशाला," हरणाबाई म्हणाली. "चांगलं बोलत हुतास की. मला तर काय कळलंच न्हाई."

परतीच्या एसटीत तिनं आपणहून हेडफोन काढला आणि अण्णांच्या हातात दिला. "कराडपतुर," म्हणाली. अण्णांनी घातला. आकाशवाणीची गाणी चालू होती. घालताना त्यांना दिसलं होतं, टिचबटणाच्या दोऱ्याचा रंग एका बाजूला निळा आणि एका बाजूला काळा होता. हिचा निळा दोरा संपला असणार आणि उठून दुसरं रीळ काढायचा कंटाळा आला असणार. अण्णांनी मागं डोकं टेकलं. आकडे हलले नाहीत. कराड गेलं, इस्लामपूर गेलं, आणि हरणाबाईनं काही हेडफोन परत मागितला नाही.

पाच महिन्यांनी पेटंटचा दाखला आला. शोधक दोन. पहिलं नाव चंदनबाला, दुसरं धरणेंद्र. कीर्तीनं तो काचेत घालून आणला. हरणाबाई गोदामातून तशीच आली, हाताला हळद, म्हणून तिनं काचेला हात लावला नाही.

"तुमचं नाव खाली गेलं की वो, अण्णा."

"दुसरा तर दुसरा," अण्णा म्हणाले.

कीर्ती हातोडी आणि खिळा घेऊन मागच्या खोलीत उभी होती. "इथं लावूया. डागही झाकेल."

"डाग झाकायचा न्हाई," अण्णा म्हणाले. "वीतभर वर लाव. टेकलं तर डोकं लागाय नको."