कमलेशला शॉक लागला

मुरबे गावच्या किनाऱ्यावर हंसा बोंबील वाळत घालत होती, तेव्हा कुंदनचा फोन आला. तो तिच्या नवऱ्याबरोबर बोईसरच्या एका कारखान्यात कामाला होता.

"वैनी, कमलेशला शॉक लागलाय. हॉस्पिटलात आणलाय. ये लवकर."

शॉक तिलाही एकदा लागला होता, मिक्सरचा. हात झिणझिणला होता, बस्स. म्हणून तिने घाईघाईने डब्यात भात-कालवण भरलं, कमलेशचा धुतलेला शर्ट घेतला आणि रिक्षात बसली.

हॉस्पिटलच्या दारात कुंदन उभा होता. त्याने काय झालं ते सांगितलं. पंप धुताना कमलेशने ओल्या हाताने मोटारीला धरलं होतं. बटण बंद करेपर्यंत तो चिकटून होता.

आत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पेशंट शॉकमध्ये आहे."

"अजून?" हंसा ओरडली. "कुनी बटन बंद केला नाय काय?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "वीज केव्हाच सुटली, ताई. आता त्यांचं ब्लडप्रेशर पार खाली गेलंय. अंगाला रक्त पुरत नाहीये. त्यालाही शॉकच म्हणतात."

हंसाला अर्धंच कळलं. तेवढ्यात मशीन किंचाळायला लागलं. डॉक्टरीणबाई धावत गेल्या. "शॉक द्यायचाय. बाजूला व्हा सगळे!"

हंसाने झेप घेऊन त्यांचा हात धरला. "नको, बाई! शॉकनंच तर असा झालाय तो! परत नका देऊ!"

नर्सने तिची बोटं एकेक करून सोडवली. कुंदनने तिला कमरेला धरून बाहेर ओढलं. दार लागलं. पलीकडून दोनदा धप्प आवाज आला आणि दोन्ही वेळा हंसाचंच अंग उडालं.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई घाम पुसत बाहेर आल्या. "हृदय चालू झालंय. त्या शॉकनेच झालं."

हंसाने त्यांचे पाय धरले. मग आत जाऊन कमलेशच्या उशाशी बसली, त्याच्या जळलेल्या तळव्याकडे न बघता त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. त्याने डोळे उघडले नाहीत. उन्हं कलताना मशीन पुन्हा किंचाळलं. या वेळी तिने कुणाला अडवलं नाही. पण हृदय चालू झालं नाही.

परतताना रिक्षात कुंदन म्हणाला, "बाबांना एकदम सांगू नको. त्यांना शॉक बसल. आधी सांगू, मार लागलाय."

कमलेशचे बाबा, कृष्णकांत, ओट्यावर जाळं शिवत बसले होते. दोन वर्षांमागे त्यांचं काळीज दुखायला लागलं, तेव्हापासून बोट बंद होती. म्हणूनच कमलेश कारखान्यात लागला होता.

"कसा हाय पोरगा?" त्यांनी विचारलं.

कुंदन म्हणाला, "मार लागलाय, पन..."

"बाबा, गेला तो," हंसा म्हणाली.

म्हाताऱ्याने जाळं मांडीवरून खाली ठेवलं. मग ते ओटा सोडून खाली आले आणि त्यांनी तिचं डोकं छातीशी धरलं.

"कुंदन," ते म्हणाले, "बंदरावर जा. सकाळी बोटी सोडू नका म्हणावं. गावात मयत हाय."

हंसा तेव्हा पहिल्यांदा रडली.