रुमालाच्या टोकाने पुसू नका

तुकडा. आतली खोली, दुपार.

माझी नणंद पुरस्कार जिंकून आली तेव्हा मी एका जाहिरातीतला धावणारा कुत्रा तिसऱ्यांदा कापत होते. मी संकलक आहे. लोक हौसेने शूट करतात, मी नको ते काढून टाकते. माझ्या खुर्चीत मी कोणाला बसू देत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

"वहिनी, बसून ऐक हं."

"बसलेच आहे. धंदाच बसलाय माझा."

नणंदेला आम्ही बारकी म्हणतो. चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासते आणि उरलेल्या वेळात पटकथा लिहिते. पटकथा एकच, पण वर्षानुवर्षं चाललेली. एक बाप ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, अख्ख्या गावाला गाडी शिकवतो आणि पोटच्या पोरीच्या हाती मात्र स्टिअरिंग देत नाही.

तिने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. कुठल्याशा जागतिक महोत्सवाची ऑनलाइन स्पर्धा, सर्वोत्कृष्ट पटकथा. खाली करारपत्र. आज संध्याकाळपर्यंत सही केली नाही, तर पुरस्कार दुसऱ्याला.

करारात काय होतं ते मी वाचलं. तिने वाचलं नव्हतं. तिने अर्जात लिहिलेल्या नावाच्या पटकथेचे सर्व हक्क, सर्व भाषांत, कायमचे, आयोजकांचे.

तुकडा. तिथेच. आवाज चढलेले.

"परीक्षक कोण आहेत गं?"

"आंतरराष्ट्रीय आहेत."

"नावं?"

"गुप्त ठेवतात. दबाव येतो ना."

मी त्यांच्या साइटवरचा सभागृहाचा फोटो उचलला आणि शोधायला टाकला. दातांच्या डॉक्टरांच्या एका परिषदेत हेच सभागृह सापडलं. हीच माणसं, पहिल्या रांगेत टाळ्या वाजवणारा हाच टकलू.

"हॉल भाड्याने मिळतात, वहिनी."

"टकलूही?"

ती हसली नाही. मी पुढे दाखवत गेले. महोत्सव दर महिन्याला, विजेत्यांची ही भलीमोठी रांग आणि कुठल्याही सिनेमाच्या खेळाची वेळ कुठेच नाही. ट्रॉफी हवी असेल तर ट्रॉफीचे पैसे वेगळे. तिच्याकडे प्रत्येकाला उत्तर तयार होतं. नवीन महोत्सव आहे. ऑनलाइनच असतं आता सगळं. ट्रॉफी काय फुकट घडते?

तुकडा. हा कापणार होते, राहू दे.

"तुझं नाव कधी कुठे झळकलं नाही, म्हणून माझंही झळकू नये?"

मी कुत्रा पुढे-मागे केला. मागे-पुढे केला.

"दादाने सगळ्या नातेवाइकांना कळवलंय," ती जरा खालच्या आवाजात म्हणाली. "काकूंनी तर फोटो मागितलाय."

तुकडा. तिथेच. आवाज उतरलेले.

"बरं, परीक्षकांना काय आवडलं ते तरी वाच."

तिने घसा साफ केला. "पात्रांचं अंतर्द्वंद्व अस्वस्थ करतं. संवाद काळजाला भिडतात. शेवट सर्वस्वी अनपेक्षित."

"कुठला संवाद भिडला?"

"ते लिहिलं नाहीये."

"आपण शोधू. पाठवलेली फाइल उघड, त्यांच्या साइटवरची."

मला गप्प करायच्या जोशात तिने ती उघडली. मग मोबाइल हळूच मांडीवर ठेवला. मी वाकून पाहिलं.

*चष्म्याची निगा. आमच्या ग्राहकांसाठी. रुमालाच्या टोकाने काच पुसू नका. चष्मा पालथा ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत विसरू नका.*

दुकानासाठी तिनेच लिहिलेलं पत्रक. पटकथा संपवली त्याच आठवड्यात हेही संपवलं होतं आणि दोन्ही फायलींना तिने एकच नाव दिलं होतं: अंतिम.



"अंतर्द्वंद्व कोणाचं गं?" मी विचारलं. "रुमालाचं?"

तिने पान सरकवत शेवटची ओळ गाठली. चेहरा अगदी सरळ.

"शेवट मात्र खरंच अनपेक्षित आहे. सोमवारी दुकान बंद."

मग आम्ही दोघी अशा हसलो, की तिचा दादा, म्हणजे माझा नवरा, बाहेरून विचारत आला, पेपरवाल्यांचा फोन होता का. बारकीने त्याला सांगितलं, "नातेवाइकांना कळव, जगात सर्वोत्कृष्ट चष्मा मीच पुसते." तो काही न कळून परत गेला. तिने करारपत्र पुसून टाकलं. रुमालाची गरज पडली नाही.

तुकडा. तिथेच. संध्याकाळ.

"दुसरीकडेही पाठवली होतीस ना? त्या जुन्या महोत्सवाला?"

"नाकारली त्यांनी."

"का?"

"'दिलगीर आहोत' इथपर्यंत वाचून बंद केली मेल."

"उघड."

तिथे एक परिच्छेद होता, खाली वाचणाऱ्या बाईंचं नाव. बारकी वाचू लागली. "मुलगी किल्ली उचलते, तेव्हा वडील खिडकीबाहेर बघत राहतात. इथे लेखिकेने पळ काढला असं वाटलं. हा माणूस आता बोलणार, अशी तोवर सगळी तयारी झालेली आहे."

कौतुकाचा एक शब्द नाही. तिने तो परिच्छेद पुन्हा वाचला, मनातल्या मनात, ओठ हलवत.

"यांनी वाचलीय," ती म्हणाली.

"आणि नीट वाचलीय."

"पण ते खिडकीबाहेर बघणं मला फार आवडतं, वहिनी."

"मलाही हा कुत्रा आवडतो. कापतेच आहे."

ती खोलीभर फिरली. बाप काय बोलेल, काय बोलेल, असं पुटपुटत. हो म्हणणार नाही तो. माफी तर नाहीच नाही. शिकवणं सोडून त्याला दुसरं येतंच काय? मग ती मधेच थांबली.

"वहिनी, ऊठ."

"का?"

"ऊठ ना. विसरेन मी."

मी उठले. ती माझ्या खुर्चीत बसली, खुर्ची आपल्या उंचीला आणली आणि कुत्र्याला बाजूला सारून मेलमधून पटकथेची फाइल उघडली. खिडकीची ओळ तिने खोडली. तिच्या जागी लिहिलं:

*बाप: आधी आरसा नीट लाव.*