पायातून निघालेलं विष

रुग्णालयाच्या फाटकाबाहेर सकाळपासून झुंबड उडाली होती. जो तो पाय पुढे करून बसलेला. धूरकाढे बाबा एकेकाच्या तळव्यावरची पट्टी सोडत, उंच धरत आणि गरजत, "बघा! वर्षानुवर्षांची विडी बाहेर पडली!" रात्री पांढरीशुभ्र बांधलेली पट्टी सकाळी काळीकुट्ट. लोक तोंडात बोटं घालत.

"रक्त म्हणजे तुंबलेलं गटार. आम्ही फक्त बोळा काढतो," हे बाबांचं शास्त्र. "तुम्ही विडी सोडू नका, विडीच तुम्हाला सोडेल!" आणि गटार पुन्हा तुंबलं तर? तर पुन्हा पट्टी. सोय उत्तम होती.

मी तिथली डॉक्टर. रुग्णांचं तंबाखूचं व्यसन सोडवणं हे माझं काम. माझ्याकडे चमत्कार नव्हता. तलफ कमी करणाऱ्या गोळ्या होत्या, तलफ आली की काय करायचं याची शिकवणी होती आणि रोजची विचारपूस. तेवढ्यावर आमच्या वॉर्डातल्या गवंडीदादांनी विडी सोडली होती. विडीमुळे त्यांच्या पायाच्या रक्तवाहिन्या बंद होत चालल्या होत्या आणि अंगठ्याला जखम झाली होती. सोडलीत तर पाय वाचेल, असं मी स्पष्ट सांगितलं होतं. जखम भरतही आली होती.

एका सकाळी मात्र अंगठा काळानिळा दिसला आणि अंगाला धुराचा वास आला.

"दादा, ओढलीत?"

"थोडीच, ताई. विष पट्टीतून निघतंच की. कंडक्टरची तर कायमची सुटली!"

कंडक्टर शेजारच्या खाटेवर होता, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेला. दोघं डबा वाटून खात. दादा त्याला भाऊ म्हणत. बाबांच्या गर्दीत हाच उठून आपली काळी पट्टी मिरवायचा.

तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली. मी म्हटलं, "वहिनी, यांची विडी सुटली म्हणे. छान झालं."

ती हसतच सुटली. "यांची? अहो, धुराने यांना ओकारी येते! माझा भाऊ घरी आला की विडी ओढायला त्याला जिन्यात पाठवतात."

दादा उठून बसले. "मग तुझी पट्टी काळी कशी झाली?"

कंडक्टर भिंतीकडे बघू लागला. "बाबा म्हणाले, विडी सुटली म्हणून सांग, लोकांना धीर येतो. पुढे बसवायचे, मान द्यायचे... कुणाचं वाईट होईल असं वाटलं नाही रे."

"माझा पाय दिसत होता ना तुला? ड्रेसिंग करताना तूच हात धरायचास माझा."



मी दादांच्या उशाखालची कोरी पट्टी उचलली, फाटकाबाहेर गेले आणि सगळ्यांदेखत तिच्यावर बाटलीतलं पाणी ओतलं. बघता बघता पट्टी काळी पडली.

"ही बाटली किती विड्या ओढायची, बाबा?"

"अविश्वासाने शक्ती उलटते!"

"उलटली नाही, भिजली."

पट्टी उसवून मी आतली पूड दाखवली. हिराकस, म्हणजे लोखंडाचा एक क्षार, आणि तुरट सालीची भुकटी. दोन्ही ओली झाली की शाई होते. जुन्या काळी शाई अशीच करत. रात्रभर तळव्याला घाम येतो, तेवढी ओल पुरते. बाबांना तेवढ्यात मौन आठवलं. गर्दी पांगेपर्यंत तेही नाहीसे झाले.

दादांचा अंगठा काढावा लागला. पाय वाचला, कारण त्यांनी पुन्हा विडी सोडली. या खेपेला फार जड गेलं. गोळी देतानाही ते संशयाने विचारत, "यात काय आहे, ताई?" मी दर वेळी सांगत असे. घरी जाताना कंडक्टर खाटेपाशी घुटमळला, तेव्हा दादांनी कूस बदलली.

मंडळी, व्यसन म्हणजे फडक्याने टिपून घेण्यासारखी घाण नव्हे. मेंदूला जडलेली ती सवय आहे, आणि उपचारांनी ती सुटते. घसरलात तर लाजू नका, पुन्हा या. पण कुणी तुमचं विष काढून दाखवू लागला, तर आधी एवढंच म्हणा, "ज्याने कधी ओढलीच नाही, त्याच्या पायाला बांधून दाखवा."