बांधाच्या पोटातला झरा

रांग तळ्याच्या बांधापाशी सुरू व्हायची आणि माझ्या ताईच्या रोपवाटिकेतून, गुलाबाची कलमं तुडवत, थेट सडकेला लागायची. कॅन, बाटल्या, घागरी, एकीच्या हातात बाळाची दूधबाटली, आणि एका सद्‌गृहस्थाने तर हातगाडीवर टाकीच आणलेली. कृपेला माप नसतं म्हणतात. लोक मात्र आपापलं माप घेऊनच आले होते.

रांगेच्या तोंडाशी, बांधाच्या पायथ्याला, बोटाएवढी धार वाहत होती. शेजारी चटईवर बसलेले एक बाबा. त्यांनी काठी आपटली आणि कोरड्या उतारातून पाणी फुटलं, असं जो तो सांगत होता. उतार कोरडा नव्हता. ती जागा कित्येक महिने ओली होती, म्हणून ताईने तिथे पुदिना लावला होता. काठी पुदिन्यात पडली. पण 'पुदिन्यातून पाणी' असं कोण सांगणार?

बांधाच्या पलीकडे काठोकाठ भरलेलं तळं होतं. नाला अडवून, मातीचा बांध घालून, तळेमालकांनी ते स्वतःच्या फळबागेसाठी केलेलं. त्याच्या जिवावर खालच्या विहिरी, रोपवाटिका, वस्तीतले नळ, सगळं चालायचं. मालकी एकाची, पाणी सगळ्यांचं आणि देखभाल कुणाचीच नाही, असा एकंदर हिशेब. रांगेतल्या कुणाचीही नजर त्या तळ्याकडे नव्हती. चमत्कार बघायचा तर एखादी बाजू न बघण्याची शिस्त लागते.

"बाबा, गुडघ्याला चोळायचं की प्यायचं?" एकाने विचारलं.

"गुडघा कुठे असतो?"

"शरीरात."

"आणि पोट?"

"तेही शरीरातच."

"मग?"

गर्दीने माना डोलावल्या. उत्तर मिळालं नव्हतं, पण मिळाल्यासारखं वाटलं होतं, आणि गर्दीला तेवढं पुरतं.

रांग सांभाळायला शिट्टी घेऊन उभे होते आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान. गुडघ्यांनी त्यांना घरातली सगळी कामं कधीच माफ केली होती. पिशवी उचलवत नसे, शिडी चढवत नसे. शिट्टी वाजवायला गुडघे लागत नाहीत, त्यामुळे सेवा उत्तम चालली होती.

आठवड्यातून एक दिवस धार आटायची. त्या दिवशी बाबा मौन धरत आणि पाटीवर लिहीत, 'धरणी विश्रांती घेत आहे.' नेमक्या त्याच दिवशी तळेमालक मोटार लावून बागेला पाणी देत. मोटारीची घरघर रांगेपर्यंत यायची. पण दोन आकडे एकाखाली एक आले म्हणून बेरीज आपोआप होत नाही. ती कुणीतरी करावी लागते.

ती केली शाळेतल्या भूगोलाच्या बाईंनी. या बाई अशा की कुणी नमस्कार केला तर त्याचंही कारण विचारतील. त्या ताईकडे मोगऱ्याचं रोप घ्यायला आल्या आणि रोप विसरून बांध चढून गेल्या. परतल्या त्या बेकरीत जाऊन केकचा लाल रंग घेऊन. तळ्यात, बांधाच्या आतल्या अंगाला, पाण्यावर एक लहानसा भोवरा गरगरत होता. तिथे त्यांनी डबा रिकामा केला आणि खाली येऊन रांगेत उभ्या राहिल्या.

थोड्या वेळाने धार गुलाबी झाली, मग लालभडक.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "रंग मी तळ्यात टाकला. झरा तळ्याचाच आहे. बांध गळतोय."

बाबांच्या पापण्या एकदा फडफडल्या. बस, एकदाच.

"रक्त," ते हळू आवाजात म्हणाले. "कुणीतरी शंका घेतली. धरणीला जखम झाली."

सगळी रांग बाईंकडे वळली. दाजींनी शिट्टी वाजवून त्यांना रांगेबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट. विज्ञानाने डबाभर रंग खर्ची घातला आणि तो जमा झाला बाबांच्या खात्यावर.

आता बाबांना अंदाज आला होता की तळं जितकं भरलेलं तितकी धार मोठी. त्यांनी तळेमालकांना सुचवलं, "पाणी अडवून धर, कृपा वाढेल." तळेमालकांना कृपेपेक्षा फाटकाबाहेरची गर्दी आवडत होती. त्यांनी मोटार बंद केली आणि सांडव्यात, जिथून तळ्यातलं जास्तीचं पाणी निघून जायचं, तिथे वाळूची पोती रचली. बांधाच्या जिवाला असलेली एकुलती एक पळवाट अशी बंद झाली.

धार मनगटाएवढी झाली. आणि गढूळ.

"गढूळ नव्हे," बाबा म्हणाले. "आजवर काढा होता, हा अर्क आहे. गुण दुप्पट."

लोकांनी मोठ्या घागरी आणल्या.

ताईने मात्र मला घराच्या ओट्यावर बोलावलं. घर बांधाच्या अगदी पायथ्याशी. आत तिच्या सासूबाई, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या, खिडकीतून गर्दी बघत होत्या.

"अरे, हा बांध आला खाली तर मी यांना उचलून कशी पळू? तुझे दाजी तर त्या शिट्टीशी लग्न लावून बसलेत."

"दाजींना बोललीस?"

"बोलले. म्हणाले, बाबा आहेत ना बसलेले."

विसरलेलं मोगऱ्याचं रोप न्यायला आलेल्या बाई ओट्याशीच उभ्या होत्या. त्यांना हेच वाक्य हवं होतं. त्या घरात गेल्या, ताईची लोणच्याची काचेची बरणी घासून घेतली, धारेखाली भरली आणि बाबांच्या चटईवर ठेवली.

"शंका नाही हो," त्या दाजींना म्हणाल्या, "दर्शन घेतेय. आपण सगळे जरा गप्प बसून या अर्काकडे बघू."

दर्शन म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? सगळे बघत बसले. बरणीत वरचं पाणी हळूहळू निवळलं आणि तळाला जाड थर बसला. बाईंनी पाणी ओतून दिलं, गाळ बोटात घेतला, त्याची गोळी वळली.

"दाजी, ही माती कुठली?"

"धरणीची."

"इथली धरणी मुरमाड आहे. तुमच्याच बायकोला विचारा, कुंड्यांसाठी माती विकत आणते ती. अशी चिकण माती इथे कुठे आहे?"

गर्दीत उभ्या असलेल्या तळेमालकांना राहवलं नाही. "माझ्या बांधात. लांबून ट्रक लावून आणली होती. बांधाच्या पोटात भरायला चिकण मातीच लागते, साधीसुधी चालत नाही."

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "आता ती या बरणीत आहे. आणि या घागरीत, त्या कॅनमध्ये, त्या टाकीत. स्वच्छ पाणी येत होतं तोवर बांध नुसता गळत होता. आता तो आतून पोखरला जातोय, आणि तुम्ही मंडळी तो थोडाथोडा करून घरी नेताय."

हातगाडीवाल्याने आपल्या टाकीत डोकावून बघितलं.

"तरी काळजीचं कारण नाही," बाई पुढे म्हणाल्या. "धरणी बाबांचं ऐकते. आम्ही सगळे आजींना घेऊन त्या चढावर जातो. बाबा, तुम्ही इथेच बसा."

बाबांनी धारेकडे बघितलं. मग मान वर करून बांधाकडे. मग त्यांनी चटई गुंडाळायला घेतली.

"साधनेची वेळ झाली," ते म्हणाले, आणि ज्या वेगाने ते चढ चढले, त्याने रंगाच्या डब्याला जे जमलं नव्हतं ते केलं. काठीसुद्धा मागे राहिली.

मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. रांगेतल्या चौघांनी सासूबाईंना खाटेसकट उचललं. तळेमालक मोटारीकडे धावले. आणि सांडव्यावर सगळ्यांच्या आधी पोचून वाळूची पोती खेचून काढणारा माणूस कोण, हे मी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. दाजी होते. गळ्यातली शिट्टी पाठीवर गेली होती.

सांडव्यातून पाणी धो धो नाल्यात निघालं. पाणी आधी नाल्यात, मग मोटारीने बागेत, आणि तळं उतरत गेलं. तशी धार मनगटाची बोटाएवढी झाली, बोटाची सुतळी झाली आणि थांबली. मौन धरायला या वेळी बाबा लागले नाहीत. भोवरा होता तिथे, आतल्या उतारावर, हात जाईल एवढं भोक उघडं पडलं होतं.

बांध खणला तेव्हा कोडं उलगडलं. तळेमालकांनी हौसेने बांधावर सावलीची झाडं लावली होती. ती मोठी झाल्यावर दारं-खिडक्यांसाठी तोडली, बुंधे तिथेच ठेवले. एका झाडाचं मूळ बांधाच्या आरपार गेलेलं. ते आतून कुजलं, साल तेवढी उरली, आणि पाण्याला आयती नळी मिळाली. आधी पाणी झिरपलं, मग वाहिलं, मग माती घेऊन वाहिलं. नळीच्या अलीकडच्या तोंडाशी ताईचा पुदिना. काठीचं कर्तृत्व एवढंच की ती तिथे आपटली.

तळेमालकांनी चर खणून चिकण माती थराथराने ठोकून बसवली. आता बांधावर फक्त गवत आहे, सांडवा मोकळा आहे आणि भूगोलाचा वर्ग महिन्यातून एकदा पायथ्याशी ओल आहे का ते बघून जातो.

दाजी अजून म्हणतात, "काही म्हणा, त्या पाण्याने माझे गुडघे बरे झाले. धावलो की नाही मी?"

"पाण्यानेच," बाई म्हणतात. "पण पोटात घेऊन नव्हे. अंगावर येणार म्हणून."

ताईने ही संधी सोडली नाही. कुंड्या आता दाजी उचलतात.

मातीच्या बांधाला देव लागत नाही, राखण लागते. पायथ्याला ओल दिसली तर विचारा, पाणी गढूळ झालं तर खालच्यांना हलवा आणि तळं उतरवा. आणि पाणीच कशाला, कुठलाही चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी बांध चढून पलीकडे काय आहे ते बघून या. चढ फार नाही. दाजीसुद्धा चढले.